आत्याच्या नावाआधी काय लावायचं?

लग्नपत्रिका छापणाऱ्या माणसांवर माझा जुना राग आहे. त्यांचा यात काडीचा दोष नाही हे मला कळतं, पण राग काही कळण्यावर चालत नाही. परवा पुतणीची पत्रिका छापायला दिली, तर काउंटरवरच्या पोरानं कानामागचं पेन काढलं आणि एका बाईच्या नावावर टेकवून विचारलं, "अंकल, इनके नाम के आगे क्या लगेगा?" मी "कुछ नहीं लगेगा!" असा ओरडलो की आतलं मशीन चालवणारा मशीन थांबवून बाहेर आला. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "झालं का तुमचं आत्यापुराण सुरू?"

झालं. आणि आता एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे घरातल्या पोरांना दर लग्नात ते माझ्या तोंडून ऐकावं लागणार नाही. (लागेलच.)

गोष्ट माझ्या बहिणीच्या लग्नाची. मी तेव्हा नागपूरहून मराठी घेऊन बी.ए. होऊन नुकताच बालाघाटला परतलो होतो आणि नोकरी लागेपर्यंत घरात विद्वान म्हणून बसलो होतो. राज्यांची वाटणी होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. नागपूर मराठी मुलखात गेलं, आम्ही हिंदी राज्यात राहिलो. तोवर आम्ही मराठी बोलतो याचं आम्हाला काही वाटत नव्हतं. आता एकदम वाटायला लागलं. भाजीवाल्याशी हिंदी, ऑफिसात हिंदी, शेजारी हिंदी, गल्लीतली आमची पोरंसुद्धा खेळताना हिंदीत भांडायची. मग मराठी दाखवायची कुठं? तर लग्नात.

आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, कोर्टात पेशकार होते, म्हणजे न्यायाधीशापुढे कागद ठेवणारे कारकून. न्यायाधीश बदलून जायचे, मोठे बाबा जागेवर असायचे, त्यामुळे कोर्ट आपणच चालवतो असं त्यांचं मत होतं आणि घराबद्दलही तेच. माझी आई बहीण रांगत असतानाच गेली होती. बाबा एकटे, म्हणून कन्यादान मोठे बाबा आणि मोठी आई करणार होते. त्यांनी मला समोर बसवून हुकूम दिला.

"कविराज, मंगलाष्टकं घरचीच पायजेत. भंडाऱ्याचे पाव्हणे येऊन राह्यले. त्याइले वाटू नये का हे लोक हिंदीवाले झाले."

"किती कडवी करू?"

"अष्टकं म्हटलं तर आठ. पण आपले नातेवाईक आठात मावनार हायेत का? तू पाह्य बापा."

झालं. माझ्या डोक्यात तेव्हा महाकाव्य घोळत होतं. कॉलेजात प्राध्यापकांनी त्याची लक्षणं फळ्यावर लिहून दिली होती. आरंभी नमन. मग नगराचं, नदीचं, ऋतूंचं, सूर्योदयाचं वर्णन. नायक थोर कुळातला. त्याची वंशावळ. सैन्यात कोण कोण होतं त्यांची बिरुदांसकट नामावळी. एक तरी लग्न, एक तरी लढाई. आणि उपमा अशी लांबलचक, की वाचणारा तिच्यात शिरला की मूळ माणूस कोण होता ते विसरला पाहिजे. हे शेवटचं प्राध्यापकांनी सांगितलं नव्हतं, ते मी पुढे स्वतः सिद्ध केलं.

मी ठरवलं की बहिणीचं लग्न महाकाव्याच्या थाटात लावायचं. मंगलाष्टकाचं वृत्त शार्दूलविक्रीडित, नाव घेतानाच धाप लागते असं. पण पहिलीच ओळ बसली:

बालाघाटपुरी सदैव विलसे ह्या वैनगंगातटी

एक अक्षर इकडचं तिकडे नाही! मी ती म्हणत अंगणात फेऱ्या मारल्या. बालाघाट, जिथं डासांनी संध्याकाळी माणसं उचलून न्यावीत आणि मॅंगनीजच्या ट्रकांनी धोतरं काळी करावीत, ती आता 'पुरी' झाली होती आणि 'विलसत' होती. बाबांना ऐकवली. ते जंगल खात्यात कारकून होते, फार बोलायचे नाहीत. म्हणाले, "पुरी बरी हाये. नगरपालिकेले ऐकव." लढाई कुठून आणावी हा प्रश्न होता, पण मांडव कुठं घालायचा यावरून मामा आणि मोठे बाबा यांच्यात जे झालं ते मी 'तुंबळ' या शब्दासकट राखून ठेवलं.

मग नामावळी. ही बातमी फुटली आणि आमच्या ओट्यावर रांग लागली. मामा आले, म्हणाले, "मले 'दानशूर' म्हन." मामांनी आयुष्यात कोणाला पंचांगसुद्धा उसनं दिलं नव्हतं. पण 'दानशूर' वृत्तात बसलं आणि मामा दानशूर झाले. कटंगीचे एक चुलत काका होते, त्यांच्या नावात सगळी ऱ्हस्व अक्षरं, ते कुठंच बसेनात. त्यांना मी 'सज्जन' करून ओळीच्या मधोमध कोंबलं. ते रुसले. "सज्जन काय, सगळेच असतात!" अशा रीतीनं ज्याचं नाव दीर्घ तो वीर, ज्याचं ऱ्हस्व तो सज्जन, आणि ज्याचं कशातच बसेना तो 'इत्यादी सुहृद'. पुढे कधी जुन्या काव्यात कोणा राजाला महापराक्रमी म्हटलेलं वाचलं की मी आधी त्याच्या नावाच्या मात्रा मोजतो.

या सगळ्यात आत्या मागच्या अंगणात लग्नाचा चिन्नोर निवडत बसलेली असायची. त्या तांदळाचा वास रस्त्यापर्यंत जायचा. मी तिथूनच ये-जा करत ओळी म्हणायचो. एक दिवस सूप आपटता आपटता, माझ्याकडे न पाहता ती म्हणाली,

"मले कोनत्या कडव्यात घातलं रे?"

आत्यानं कधी कोणाला काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. ती बाबांची धाकटी बहीण. तुमसरला दिली होती. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली आणि हिला सांगितलं, राहायचं तर राहा. ही राहिली नाही. एका पेटीसकट कटंगीच्या बसनं परत आली. त्याच वर्षी माझी आई गेली आणि रांगती बहीण आत्याच्या कडेवर आली. ती तिथून उतरली ती थेट शाळेत. आम्ही दोघं आत्याच्याच हातचं खाऊन, आत्याच्याच हातचा मार खाऊन मोठे झालो. बहिणीचा गोवर, तिची शाळा, तिची वेणी, तिला पाहायला आलेल्या पाहुण्यांचे पोहे, सगळं आत्याचं. आणि मी मामांना दानशूर करत बसलो होतो.

"घालतो न," मी म्हटलं. "तुला तर पूर्ण एक कडवं."

दुसऱ्या दिवशी मी ते घेऊन आलो. फार खूश होतो. ऐकवलं:

जैसी वात जळे स्वये परघरा देई प्रकाशास ती

आणि पुढे तिन्ही ओळी वात, तेल, समई, अंधार, असं करत करत मी शेवटाला पोचलो. आत्यानं सुपातला खडा काढून अंगणात फेकला.

"हे मी हाओ?"

"हो मग!"

"माहं नाव कुठं हाये यात?"

मी पाहिलं. नव्हतं. चार ओळी दिव्यात गेल्या होत्या.

"आन् परघर कोनाचं रे? हे परघर हाये माह्यासाठी? याच ओसरीत मी चालाले शिकली. तुही बहीन याच ओसरीत चालाले शिकवली. परघर!"

"आत्या, ते वृत्तासाठी…"

"वृत्ताले सांग, मी वात नाही. मी जळतगिळत नाही. मले फकस्त नाव पायजे. मामाचं टाकलं न, तसं टाक."

मी परत गेलो आणि पहिल्यांदाच कविता लिहिली म्हणायला हरकत नाही. तिला काही बिरुद दिलं नाही. माय गेली, तेव्हा पोरीला हिनं वाढवलं, आज हिचा हात पोरीच्या डोक्यावर असो, एवढंच, आणि मधोमध तिचं नाव. नाव दोन अक्षरांचं, दोन्ही दीर्घ. शार्दूलविक्रीडितात चार-पाच जागी सहज बसतं. सबंध नातेवाइकांत वृत्ताला एवढं सोयीचं नाव दुसरं नव्हतं. म्हणजे 'बसत नाही' हे कारण कोणाला देता आलं नसतं. आत्याला ऐकवलं. तिनं दोनदा म्हणायला लावलं. नाव आलं की सूप थांबायचं.

"हौ," ती म्हणाली. "आता छाप."

रविवारी मोठे बाबा तपासणीला बसले. लाल पेन्सिल, चष्मा, पुढे चहा. कोर्टातला दावा ऐकावा तसे ऐकत होते. बालाघाटपुरी पास झाली. मामांच्या 'दानशूर'वर खोकला आला, पण पास झाले. आत्याचं कडवं आलं आणि पेन्सिल उतरली. सरळ आडवी रेघ.

"काहून?" मी विचारलं.

"कडव्याले माहं काही म्हननं नाही. कडवं चांगलं हाये. पन कडव्यात ज्याचं नाव येते त्याचं नाव खाली आशीर्वाद देनाऱ्यात छापा लागते का नाही? मग सांग, नावामागं काय लावशील?"

"म्हणजे?"

"म्हनजे काय? बाईचं नाव नागडं छापतात काय? सौ. लावतो? सौ. लावलं का नवऱ्याचं नाव लागते. त्या माणसाचं नाव माह्या घरच्या लग्नात छापू? आन् छापलं तर त्याले आमंत्रन द्या लागन. येईन तो! त्या बाईले घेऊन येईन!"

"मग सौ. नको."

"गं. भा. लावू? तो तुमसरले धडधाकट हाये, मागच्या बाजारात बैल घेत होता. कुमारी म्हनू? श्रीमती लावलं तर पाव्हणे विचारतीन, केव्हा वारले? सांग न, कविराज. चार विशेषनं हायेत. कोनतं लागते?"

मी गप्प झालो. अजून त्या गप्प होण्याचा मला संताप येतो. महाकाव्याची सगळी लक्षणं पाठ असलेला मी, आणि मला एवढं सुचलं नाही की पुस्तकातला वीर त्याच्या बिरुदाशिवायही वीर असतो, पण आमच्या पत्रिकेत बाई तिच्या बिरुदाशिवाय बाईच नसते. जुन्या कवींनी निदान गोरी, गजगामिनी, काहीतरी स्वतःचं म्हटलं होतं. आम्ही काय म्हणतो? नवरा आहे. नवरा गेला. नवरा व्हायचा आहे. झाली विशेषणं!

आणि ज्यानं हे केलं त्याचं काय? त्याच हिवाळ्यात आमच्याकडे तुमसरहून एक पत्रिका आली होती, त्याच्या पुतण्याच्या लग्नाची. कोणी पाठवली कोण जाणे, जुनी सवय असेल. त्यात निमंत्रकांत पहिलंच नाव त्याचं. आधी 'श्री.', पुढे 'राव'. कोणी पेन कानामागून काढून विचारलं नाही की बाबा, तू दोन बायकांचा नवरा, त्यातली एक घर सोडून गेलेली, तर तुझ्या नावाआधी काय लावायचं? पुरुष एकदा श्री. झाला की बाराही महिने श्री.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा कपातल्या चहाकडे पाहत होते. "दादा म्हनतात ते…" एवढं म्हणून थांबले. वाक्य त्यांनी पुढे पंधरा वर्षं पूर्ण केलं नाही.

एवढं खरं की मोठ्या बाबांना बहिणीची लाज वाटत नव्हती. तिला आणायला कटंगीच्या बसस्टॅंडवर तेच गेले होते. त्याआधी तिला नीट नांदवा म्हणायला तुमसरला गेले आणि दारातून पाणीसुद्धा न विचारता परत पाठवले गेले, हेही मला माहीत होतं. त्यांना भीती होती ती प्रश्नांची. पण त्यांच्या भीतीचा खर्च आत्याच्या नावातून का?

दाराआडून बहीण हे सगळं ऐकत होती. पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला तशी ती आत निघून गेली. मला वाटलं, रडायला गेली.

बालाघाटच्या प्रेसमध्ये 'ळ'चे खिळे नव्हते. हिंदी प्रेसला ते कशाला लागतील? म्हणून मी नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं गोंदियाला जाऊन, रेघ मारलेलं कडवं वगळून, मंगलाष्टकं गुलाबी कागदावर छापून आणली. आत्यानं एक कागद हातात घेतला. ती चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर अक्षर लावून वाचायची. खालपर्यंत वाचलं. उलटून मागची कोरी बाजू पाहिली. मग घडी घालून कागद डब्याखाली ठेवला, फळीवर तेलाचे डाग पडू नयेत म्हणून ठेवतात तसा.

"छान आला कागद," ती म्हणाली. त्यापेक्षा तिनं मला लाटणं मारलं असतं तर बरं झालं असतं.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. मी मनाशी ठरवलं होतं. छापलेली कडवी संपली की भटजी विचारतात, आणखी कोणाला म्हणायची आहेत काय? तेव्हा गाळलेलं कडवं म्हणायचं, पाठ होतंच. अंतरपाट धरला. मांडवाबाहेरून गुरं परतत होती, धूळ उडत होती, पाहुण्यांच्या मुठीत अक्षता. माझी महाकाव्यपंक्ती निघाली. बालाघाटपुरी विलसली. मामांनी आपल्या नावाशी मान डोलावली. कटंगीचे सज्जन दुसरीकडे पाहत होते. शेवटचं छापील कडवं संपलं, भटजींनी श्वास घेतला, आणि मी पुढे सरकून सूर लावला. दीड ओळ झाली असेल. नाव दुसऱ्या ओळीच्या शेवटाकडे होतं.

मोठ्या बाबांनी बॅंडवाल्याकडे पाहून हात वर केला.

बालाघाटचा तो बॅंड इशाऱ्याचा एवढा पक्का नोकर की भूकंप झाला असता तरी वाजवत राहिला असता. ढोल, तुतारी, एकदम. अंतरपाट खाली, अक्षतांचा पाऊस, टाळ्या. मी तोंड उघडं ठेवून उभा, आणि मूठभर अक्षता माझ्याच तोंडात. नाव घशात आणि वरून कच्चा तांदूळ. खोकत मांडवाबाहेर आलो. वीररस असा संपला. माझ्या मंगलाष्टकांच्या गुलाबी कागदात लोकांनी नंतर बुंदीचे लाडू बांधून नेले, तेवढाच त्यांचा उपयोग.

मग विहिणींची पंगत बसली. नवरा-नवरी शेजारी, भंडाऱ्याच्या बायका ओळीनं, मोठी आई आग्रह करणार, आणि आत्या हातात वरणाची बादली घेऊन वाढणार. कन्यादानात ती नाही, ओटीत ती नाही, पण वरण वाढायला कोणतं विशेषण लागत नाही. मोठे बाबा कडेला उभे राहून पंगत पाहत होते. नवरीनं नवऱ्याला जिलबीचा घास भरवायचा होता. बायकांनी हात धरला.

"नाव घ्या! नाव घेतल्याबिगर घास नाही!"

"घेतो न," बहीण म्हणाली. तिनं घास तसाच हातात धरला, मान वर केली, आणि मोठ्यानं, शाळेत कविता म्हणतात तशी म्हणाली:

"पाट्यावर वाटलं मीठ, उखळात कांडले पोहे,
अमकीची मी लेक, तमक्यांची बायको होये."

मी इथं अमकी-तमकी लिहितोय. तिनं नावं घेतली. दुसरं नाव रीतीप्रमाणे 'राव' लावून. पहिलं नुसतं. ना आत्या, ना बाई, ना पुढे काही ना मागे. आत्याचं बापानं ठेवलेलं नाव, माहेरचं, दोन अक्षरांचं. उखाण्यात एक मात्रा जास्त झाली होती, ती माझ्याशिवाय कोणाला कळली नाही.

नवऱ्या मुलाची आई, आमच्या नव्या विहीणबाई, हातातला घास ताटात ठेवून म्हणाल्या, "हे कोन? आमाले तर सांगतलं होतं का पोरीची माय मेली म्हनून."

"हौ," बहीण म्हणाली. "एक मेली. एक हे पाहा, वरणाची बादली घेऊन उभी हाये."

सगळ्या माना वळल्या. आत्या खांबाजवळ, पदर खोचलेला, बादलीत पळी. मोठे बाबा पुढे आले. "नाव नवऱ्याचं घ्याचं असते बेटा, मांडवात हे असं…"

"घेतलं न मोठे बाबा. दोन्ही घेतले. आता काय वाजवता बॅंड?"

मला त्या क्षणी कळलं की ती त्या दिवशी दाराआडून रडायला गेली नव्हती. उखाणा जुळवायला गेली होती. बी.ए. मी झालो होतो!

विहीणबाई बोलण्यात फटकळ होत्या, पण देवमाणूस. त्या थोडं सरकल्या आणि पाटावर हात आपटला. "मग विहीन वाढून काहून राह्यली? या इकडं, बसा. ठेवा ते बादली."

आत्या जागची हलली नाही. मोठ्या बाबांकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. मग म्हणाली, "बसतो. पन आधी येवढं वाढून घेतो, वरण निवून राह्यलं." आणि खरंच शेवटच्या पानापर्यंत वाढून, हात धुऊन, ती त्या पाटावर जाऊन बसली. तिच्या पानात वरण विहीणबाईंनी वाढलं.

पाहुणे गेल्यावर भांडी विसळताना ती मला म्हणाली, "तुह्या कागदावर समदे लोक होते, पन एकही दिसला नाही मले. पोरीनं तोंडानं घेतलं तं समद्यांनी मान वळवून पाह्यलं. नाव तोंडानं घ्याचं असते रे. कागदावर आलं का मागं-पुढं काही चिकटवतात." मग राखेनं पातेलं घासत, "तू आता माहं नाव कुठं लिहू नको. मले प्रॉमिस कर." 'प्रॉमिस' हा शब्द तिनं बहिणीकडून उचलला होता.

म्हणून या लिखाणात तिचं नाव नाही. आणि तिचं नाही तर मग कोणाचंच नाही, मामांचंही नाही. घरी आलात तर सांगेन, तोंडानं.

आत्या दोन वर्षांपूर्वी गेली. तेरवीचं कार्ड छापायचं म्हणून मोठ्या बाबांच्या मुलानं मजकूर आणला, आणि मी पाहतो तर तिच्या नावाआधी 'कै.'. तो म्हणाला, "दादा, आता तं काही भानगड नाही न. हे लागते."

लागते! जन्मभर जिला एक विशेषण लागेना, तिला मेल्यावर बिनबोभाट लागलं. मी तो कागद फाडला. चाळिशी उलटलेल्या माणसानं कागद फाडू नये, पण फाडला. भंडाऱ्याहून बहीण आली होती, ती म्हणाली, "छापूच नाही. जाऊन सांगू."

आणि आम्ही सांगत फिरलो. मी सायकलवर, बहीण मागच्या कॅरिअरवर, दोघंही वजनानं भरलेले, चढावर उतरून ढकलत. दारोदारी उभं राहून नाव सांगायचं, नुसतं, आणि म्हणायचं, गेली, अमुक दिवशी तेरवी आहे, या. काही जणांना नाव कळायचं नाही. "कोन?" विचारायचे. बहीण सांगायची, माझी माय. मग ते म्हणायचे, "अच्छा, वो! वरण वाली!" त्या लग्नातलं वरण शहराच्या लक्षात होतं, माझी मंगलाष्टकं नव्हती.

शेवटी मोठ्या बाबांकडे गेलो. ते आता ओट्यावर खाटेवर असतात, कान गेले आहेत, पेशकारी आवाज तेवढा आहे. हात पुढे करून म्हणाले, "कार्ड?"

"नाही छापलं," मी त्यांच्या कानात ओरडलो.

"मंग लोकाले काय सांगून राह्यले?"

"नाव सांगतो. नुसतं नाव."

समोरून एक ट्रक गेला, काळी धूळ उडवत. मग त्यांनी ते नाव घेतलं. आधी काही नाही, नंतर काही नाही. लहानपणी अंगणातून हाक मारत असतील तसं, दोन्ही अक्षरं ओढून. बहिणीनं तोंडाला पदर लावला.

रडायला मलाही यायला हवं होतं. मला राग आला. एवढंच तर म्हणायचं होतं. वीस वर्षांपूर्वी, मांडवात, एकदा. मी सायकल काढली आणि बहिणीला म्हटलं, बस, अजून मामांचं घर राहिलंय.